भोजपत्र कीं भूर्जपत्र? बिरसी येथील एका ताइताच्या निमित्तानें

गोंदिया जिल्ह्यांतील बिरसी हें गांव हल्लीं तेथील विमानतळामुळें बाहेरच्या लोकांस ठाऊक झालें आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्या गांवांतील एका पोवार शेतकरी कुटुंबाच्या देव्हाऱ्यांत सांपडला. बोटाएवढी लांब तांब्याची नळी, दोन्ही टोकांस झांकण, वर दोरा ओवण्याची कडी, असें तें साधें ताइताचें घर होतें. घरांतील सर्वांत वृद्ध बाईंच्या सांगण्याप्रमाणें आंत 'भोजपत्र' होतें. आणि भोजपत्र म्हणजे धारच्या भोजराजानें त्यांच्या पूर्वजास दिलेलें पत्र, माळवा सोडतांना मूळपुरुषानें तें दंडास बांधून आणलें, अशी घराण्याची समजूत होती. नळीचें एक झांकण झिजून निखळलें, आंतील सुरळी दिसूं लागली, आणि संस्कृत शिकविणारा जुना मास्तर म्हणून मला बोलावणें आलें. त्या भेटींत मजकडून जी चूक घडली ती पुढें सांगणारच आहें. परंतु आधीं 'भोजपत्र' हा शब्द व ती वस्तु यांचा निकाल लावणें अवश्य आहे. कारण असल्या सुरळ्या आपल्याकडे कितीतरी घरीं असतील, आणि त्या संग्राहकांपुढें येतात तेव्हां बहुधा कोणत्या तरी राजाचें नांव घेऊनच येतात.

घराण्याची समजूत हंसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. वैनगंगेच्या खोऱ्यांतील पोवार आपलें मूळ माळव्यांतील परमारांकडे नेतात व भोजराजास आपला पूर्वपुरुष मानतात. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतांतील जातिजमातींच्या ग्रंथांत हे लोक प्रथम रामटेकजवळील नगरधन येथें आले व पुढें नागपूरकर भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेंत केलेल्या चाकरीबद्दल त्यांस वैनगंगेकडील जमिनी मिळाल्या, अशी हकीकत आहे. भोजाचा काळ अकराव्या शतकाचा पूर्वार्ध. त्याच सुमारास अल्बेरूणीनें हिंदुस्थानाविषयींचा आपला अरबी ग्रंथ रचिला. त्यांत माळव्याची राजधानी धार व तेथील राजा भोजदेव यांचा उल्लेख आहे. आणि त्याच ग्रंथांत, दक्षिणेकडील लोक ताडपत्रांवर लिहितात, तर मध्यदेशांत व उत्तरेकडे 'तूज' नांवाच्या झाडाच्या सालीवर लिहितात व तिला भूर्ज म्हणतात, असेंही त्यानें नमूद केलें आहे. तेव्हां भोजाच्या राज्यांत सालीवर पत्रें लिहिलीं जात असतील, हें संभवनीयच मानिलें पाहिजे. 'असें होऊंच शकत नाहीं' एवढें बोलून उठून यावें, अशी सोय येथें नव्हती.

याच्या उलट बाजूस दोन गोष्टी होत्या. भोजाचीं जीं दानपत्रें उपलब्ध आहेत तीं तांब्याचीं आहेत. बांसवाडा व बेटमा येथील त्याचे ताम्रपट संवत् १०७६, म्हणजे इसवी सन १०२० चे आहेत. याज्ञवल्क्यस्मृतींतही राजशासन वस्त्राच्या पटावर किंवा ताम्रपटावर करावें असें सांगितलें आहे. सालीचें नांव तेथें नाहीं. दुसरें असें कीं, पिढ्यान्‌पिढ्या घामांत, पावसांत आणि अंगाच्या उष्णतेंत राहिलेली साल नऊशें वर्षें टिकावी, हें मानण्यास फार मोठा पुरावा लागेल. परंतु हे दोन्ही बाहेरचे तर्क झाले. खरा निकाल वस्तु हातीं घेऊनच लागणार होता.

आधीं शब्दाचें पाहूं. मूळ संस्कृत शब्द 'भूर्ज' हा होय. प्राकृतांत रेफाचा लोप होऊन पुढील व्यंजनाचें द्वित्व होतें, जसें कर्म-कम्म, सर्प-सप्प. त्याप्रमाणें भूर्जाचें भुज्ज झालें. जोडाक्षरापूर्वींच्या उकाराचा ओकार होणें हेंही प्राकृतांत नेहमींचेंच आहे. 'पुस्तक' शब्दाचें 'पोत्थअ' होऊन आपला 'पोथी' शब्द निघाला तो याच वाटेनें. (अल्बेरूणीनें अशा ग्रंथाचें देशी नांव 'पुथी' असें दिलें आहे.) तेव्हां भुज्जाचें 'भोज' होण्यास भोजराजाची मुळींच गरज नाहीं. उत्तरेकडील बोलींत 'भोज' हें त्या झाडाचेंच नांव आहे. गंगोत्रीहून गोमुखाकडे जातांना लागणारें 'भोजबासा' हें ठिकाण त्याच झाडांवरून ओळखलें जातें. मराठींत मात्र पंडितांच्या तोंडीं 'भूर्जपत्र' हा शुद्ध संस्कृत शब्द आणि लोकांच्या तोंडीं उत्तरेकडून आलेला 'भोजपत्र', असे दोन शब्द शेजारीं शेजारीं राहिले. ज्या प्रदेशांत भोजराजा आधींच घरोघरचा, तेथें 'भोजपत्र' ऐकून लोकांनीं त्याचा जो अर्थ केला त्यांत नवल नाहीं.

हा शब्द आहेही फार जुना. इंग्रजींतील 'बर्च', जर्मन 'बिर्के', रशियन 'बिर्योझा', लिथुआनियन 'बेर्झास' हीं सर्व भूर्जाचींच भावंडें आहेत. वृक्षनामांपैकीं इतक्या दूरवर एकच राहिलेलीं नांवें फार थोडीं. हिंदुस्थानांत आल्यावर बहुतेक झाडांस नवीं नांवें द्यावीं लागलीं. हें एक झाड हिमालयावर पुन्हां भेटलें आणि त्याचें जुनें नांव कायम राहिलें.

आपल्या हिमालयांतील भूर्जाची मुख्य जाति वनस्पतिशास्त्रांत बेटुला यूटिलिस या नांवानें ओळखिली जाते. हें नांव डेव्हिड डॉन यानें १८२५ सालीं दिलें, आणि त्यांतील 'यूटिलिस' या लॅटिन पदाचा अर्थच 'उपयोगी' असा आहे. वॉलिचनें याच झाडास 'भोजपत्र' हेंच देशी नांव लॅटिन रूपांत जोडलें होतें. सुमारें अडीच हजारांपासून साडेचार हजार मीटर उंचीपर्यंत तें वाढतें. पुष्कळ ठिकाणीं वृक्षांची सीमा संपते तेथें शेवटचें झाड हेंच असतें, आणि त्यापलीकडे गवत, दगड व बर्फ. बिरसीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें ३०० मीटर. साग, मोह, तेंदू आणि पळस यांच्या या प्रदेशांतच काय, पण सह्याद्रीच्या कळसूबाईवरही (१,६४६ मीटर) हें झाड नाहीं. म्हणून महाराष्ट्रांत जें जें भूर्जपत्र सांपडेल तें तें प्रवास करून आलेलें आहे, हें प्रथम ध्यानांत ठेवावें. कोणाबरोबर आणि कशाकरितां आलें, हा खरा प्रश्न.

चाळीस वर्षें वर्गांत कुमारसंभव शिकवितांना 'भूर्ज म्हणजे हिमालयांतील एक झाड' इतकें बोलून मी पुढच्या पदाकडे वळत असें. त्या काव्याच्या पहिल्याच सर्गांत विद्याधरस्त्रिया भूर्जाच्या सालीवर धातुरसानें प्रेमपत्रें लिहितात, व त्या अक्षरांस कवीनें हत्तीच्या अंगावरील तांबड्या ठिपक्यांची उपमा दिली आहे. त्याच सर्गांत पुढें शिवाचे गण भूर्जाच्या मऊ साली नेसलेले दिसतात. रघूच्या दिग्विजयांत हिमालयावरचा वारा भूर्जांतून सळसळत येतो. अमरकोशांत या झाडास 'मृदुत्वच्' म्हटलें आहे. मऊ, नेसण्याजोगी, वाऱ्यानें वाजणारी आणि लिहितां येणारी साल, असें हें वर्णन प्रत्यक्ष वस्तूशीं किती तंतोतंत जुळतें, हें मला साठी उलटल्यावर एका ताइतानें शिकविलें.

साल हीच या झाडाची संपत्ति. ती तांबूस पांढरी असून खोडाभोंवतीं आडवी गुंडाळल्यासारखी असते व कागदासारख्या पापुद्र्यांनीं सुटते. एका जाड सालींत असे अनेक पातळ थर असतात. तिच्या पृष्ठभागावर आंखूड, काळसर, आडव्या रेघा दिसतात. हीं झाडाचीं श्वासरंध्रें होत. हे थर कांहीं अंशीं सालींतील नैसर्गिक चिकट द्रव्यामुळें व कांहीं अंशीं या रेघांमुळें आणि गांठींमुळें एकत्र राहतात. शिंप्यानें जाड कापडास मधून मधून टांके घालावे तसा हा प्रकार आहे. सालीचा पांढरेपणा ज्या द्रव्यापासून येतो त्यास रसायनशास्त्रांत बेट्युलिन म्हणतात. या व अशाच इतर द्रव्यांमुळें सालींत पाणी सहसा शिरत नाहीं व ती लवकर कुजत नाहीं.

यावरून तिचे उपयोग सहज कळतात. काश्मिरांत घरांच्या छपरांवर आधीं भूर्जाचे थर पसरून वर माती घालीत, त्यामुळें बर्फाचें पाणी घरांत उतरत नसे. लोणी व इतर जिनसा बांधण्यास, छत्र्यांस, हुक्क्याच्या नळ्यांस तिचा उपयोग होत असे. वैद्यकांत पाहिलें तर चरकसंहितेच्या शारीरस्थानांत, प्रसूतीनंतर वार पडत नसल्यास जे उपाय सांगितले आहेत त्यांत भूर्जपत्र व सापाची कात यांची धुरी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कुप्याध्यक्षाच्या, म्हणजे रानच्या मालावरील अधिकाऱ्याच्या प्रकरणांत, ताली व ताल यांच्या पानांबरोबर भूर्जाचेंही नांव घेतलें आहे. म्हणजे हा माल राजाच्या कोठारांत येत असे. हिमालयाच्या पायथ्यापासून दूर तो व्यापारानें पोंचे, आणि आपल्या दक्षिणेंत पोंचला तो मुख्यतः काष्ठौषधि विकणाऱ्याच्या व पूजासाहित्याच्या दुकानांत. गोरोचन, केशर किंवा अष्टगंध यांनीं भूर्जपत्रावर यंत्र काढावें, असें मंत्रशास्त्राचे ग्रंथ वारंवार सांगतात. ग्रंथ लिहिण्याकरितां आपल्याकडे ताडपत्र व पुढें कागद आला. सनदापत्रें तांब्यावर, व नंतर कागदावर मोडींत. भूर्ज राहिलें तें ताइतापुरतें.

आतां बिरसीच्या सुरळीकडे येतों.

प्रथमदर्शनीं मीं ती भूर्जाची मानलीच नाहीं. आमच्या रानांत कांडोळ किंवा कुलू म्हणून झाड आहे, ज्याचा डिंक लोक गोळा करतात. त्याचें खोड उन्हाळ्यांत दुरून हाडासारखें पांढरें दिसतें आणि त्याचे कागदासारखे पापुद्रे निघतात. कोणा भगतानें कुलूचीच साल वापरली असेल, असें मला वाटलें. शहरांतील बागांत कायापुटीचीं परदेशी झाडें लावलेलीं असतात. त्यांची जाड, थरांची साल भूर्ज म्हणून खपविलेलीही मीं पाहिली आहे. या तिहींतील भेद संग्राहकांनीं डोळ्यांत ठेवावा. कुलूचा पापुद्रा वेडावांकडा व एकेरी निघतो, त्याखालीं खोड हिरवट असतें, आणि त्यावर आडव्या रेघा नसतात. कायापुटीची साल हातास बुरणुसासारखी, मऊ व फुसफुशीत लागते. तींतही त्या रेघा नाहींत. भूर्ज गुळगुळीत, किंचित् तेलकट स्पर्शाचें, आणि त्याच्या पानावर त्या आंखूड काळसर रेघा सर्व एकाच दिशेनें गेलेल्या असतात. भिंग असेल तर दोन पळांचें काम आहे. माझ्या खिशांत भिंग होतें. तें मीं सुरळी उलगडल्यानंतर बाहेर काढलें, आणि उलगडण्यापूर्वीं काढावयास हवें होतें.

मे महिना, दुपारची वेळ, हवेंत ओलाव्याचा लेश नाहीं, आणि पाहुण्यास उकडूं नये म्हणून घरच्यांनीं डोक्यावरचा पंखा लावलेला. कुलूची साल काय, फार तर मोडेल, अशा समजुतीनें मीं सुरळीची बाहेरची कड नखानें उचलली आणि ओढली. साल मोडली नाहीं; ती सुटली. वरचा थर एकीकडे, मधला दुसरीकडे, आणि अक्षरांचा अर्धा रंग या थरावर तर अर्धा त्या थरावर. बाहेरच्या फेऱ्याचा तर चुरा झाला, व तो पंख्याच्या वाऱ्यानें जमिनीवर पसरला. विक्रमोर्वशीयांत उर्वशीचें भूर्जपत्र वाऱ्यानें उडतें तेव्हां तें निदान राणीच्या हातीं तरी लागतें. येथें घरांतल्या मुलांनीं ओंजळभर कण वेंचून आणले, त्यांतून एकही अक्षर जुळलें नाहीं.

जें उरलें तें असें. माथ्यावर 'ह्रीं' हें बीज. खालीं रेघांनीं आंखलेलीं नऊ घरें. पहिल्या ओळींत ८, १, ६ हे अंक स्पष्ट; दुसऱ्या ओळींत शेवटचा ७ तेवढा शिल्लक; तिसऱ्या ओळींत ४ आणि ९, पुढचें घर गेलेलें. वाचकांनीं ओळखलेंच असेल कीं हें पंधराचें यंत्र. आडवी, उभी किंवा तिरपी कशीही बेरीज केली तरी पंधराच येते. म्हणून गेलेले तिन्ही अंक शाळकरी मुलगाही सांगेल: दुसऱ्या ओळींत ३ व ५, तिसरींत २. यंत्राच्या खालीं ज्याच्याकरितां तें केलें त्याच्या नांवाची ओळ होती. तीच सुरळीच्या बाहेरच्या फेऱ्यावर आली होती. त्या ओळीचीं शेवटचीं दोन अक्षरें राहिलीं आहेत: 'बाई'. अंक कोणासही पुन्हां मांडतां येतात, त्यांत नवें कांहीं नाहीं. त्या पत्रांत इतिहासाच्या कामाचें असें जें एक नांव होतें तें मात्र माझ्या नखाखालीं गेलें.

लेखनाचें वळण बाळबोध, अक्षरें तांबडीं, अंक हल्लींच्याच रूपाचे. अकराव्या शतकांतील परमारांच्या लेखांतील नागरीशीं त्याचें कांहीं नातें नाहीं; दीडशें वर्षांपलीकडे तें नेण्यास मला कोणताही आधार दिसला नाहीं. म्हणजे साल खरी, हिमालयांतील. पत्र मात्र भोजाचें नव्हे, किंबहुना तें पत्रच नव्हे. घरांतील कोणा बाईकरितां, तिच्या किंवा तिच्या मुलाच्या रक्षणासाठीं, कोणी यंत्र लिहून दिलें, तिनें तें अंगावर वागविलें, आणि तिच्या पाठीमागें तें देव्हाऱ्यांत गेलें. चरकांतील धुरीचा उल्लेख वर केला आहे, त्यावरून हें यंत्र प्रसूतीसंबंधींच होतें असें म्हणण्याचा मोह होतो; परंतु तसें लिहिलेलें नाहीं, म्हणून तसें म्हणत नाहीं.

लिहिण्याच्या द्रव्याचाही येथें विचार केला पाहिजे, कारण त्यावरून ग्रंथाचें भूर्ज आणि ताइताचें भूर्ज हीं निराळीं पडतात. ग्रंथाकरितां साल कशी तयार करीत तें अल्बेरूणीनें सांगितलें आहे: हातभर लांब व पसरलेल्या बोटांच्या रुंदीचा तुकडा घेऊन, तेल लावून व घोंटून तो घट्ट आणि गुळगुळीत करीत, मग त्यावर लिहीत, पानांस अंक घालून, कापडांत गुंडाळून, दोन फळ्यांमध्यें बांधीत. शाईची माहिती डॉ. ब्यूलर यांनीं काश्मिरांत मिळविली. बदाम जाळून त्यांचा कोळसा करावयाचा व तो गोमूत्रांत उकळावयाचा. ही शाई ओलाव्यानें विरत नाहीं. ताइतावरील कुंकू, चंदन किंवा अष्टगंध यांचें तसें नाहीं. पाण्याचा हात लागतांच तें पसरतें. 'भूर्जास पाणी बाधत नाहीं' हें ऐकून कोणी ताईत पाण्यांत बुडवील तर साल तेवढी हातीं राहील.

हे ब्यूलर मुंबई सरकारच्या शिक्षणखात्यांतील. त्यांनीं १८७५ सालीं काश्मिरांत हिंडून सरकारकरितां पोथ्या विकत घेतल्या, व त्या प्रवासाचा वृत्तान्त १८७७ मध्यें रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकाचा जादा अंक म्हणून निघाला. महाराष्ट्रांत जें ग्रंथरूप भूर्ज आज पाहावयास मिळतें त्याचा महत्त्वाचा भाग याच प्रवासाचें फळ आहे. त्या पोथ्या डेक्कन कॉलेजांत होत्या. १९१७ सालीं पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालें आणि पुढील वर्षीं सरकारी संग्रह तेथें आला. ब्यूलर यांनीं नोंदविलेली एक गोष्ट संग्राहकांनीं मुद्दाम लक्षांत घ्यावी. काश्मिरी भूर्जपोथ्या शारदा लिपींत असतात, आणि त्यांच्या ओळी पानाच्या अरुंद बाजूस समांतर जातात. त्यामुळें त्या आपल्या आडव्या पोथीसारख्या न दिसतां छापील पुस्तकासारख्या उभ्या दिसतात. अकबराच्या वेळीं काश्मीर मोंगलांकडे गेल्यानंतर तेथें कागद रूढ झाला व साल तयार करण्याची कृति लोक विसरले, असेंही त्यांनीं लिहिलें आहे. तेव्हां लांब आडव्या भूर्जावर बाळबोध अक्षरांत लिहिलेली 'प्राचीन' मराठी पोथी कोणी विकावयास आणली, तर पैशाची पिशवी सोडण्यापूर्वीं या दोन वाक्यांचें स्मरण करावें.

या पुण्याच्या भूर्जपोथ्यांनीं विद्येचें किती काम केलें आहे तें सांगण्यास निराळा लेख लागेल. ऋग्वेदाची शारदा लिपींतील भूर्जपोथी ही त्यांतील शिरोमणि. जर्मन पंडित शेफ्टेलोविट्झ यांनीं १९०६ सालीं ऋग्वेदाचीं खिलसूक्तें प्रसिद्ध केलीं तीं मुख्यतः तिच्याच आधारें. भांडारकर मंदिरांतील ऋग्वेदाच्या ज्या तीस पोथ्या २००७ सालीं युनेस्कोच्या जागतिक स्मृतिपटांत नोंदल्या गेल्या, त्यांत भूर्जावरील ही एकच, बाकीच्या कागदावरील. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं आदिपर्वाकरितां जी पोथी शारदेची प्रतिनिधि म्हणून पहिल्या स्थानीं मांडली तीही ब्यूलर यांनीं आणलेली भूर्जपोथीच. काश्मिरी पाठ हा इतरांहून आटोपशीर व कमी भर पडलेला, हें सुखठणकरांचें मत त्या आवृत्तीच्या पायाशीं आहे. आदिपर्व १९३३ मध्यें पुरें झालें, सर्व महाभारत १९६६ मध्यें. झिजलेल्या, कडा गळालेल्या सालीवर उभें राहिलेलें हें काम आहे. गळालेल्या कडेबरोबर पाठ जातो, हें मला आतां पूर्वींहून अधिक कळतें.

काळनिर्णयाविषयीं एक इशारा. पेशावरकडील बख्शाली येथें १८८१ सालीं सांपडलेली गणिताची भूर्जपोथी ऑक्सफर्ड येथें आहे. तिच्या तीन तुकड्यांची कार्बन पद्धतीनें केलेली परीक्षा २०१७ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां तीन तुकड्यांचे तीन निरनिराळे काळ निघाले. सर्वांत जुना तिसऱ्या-चौथ्या शतकांतला, सर्वांत नवा नवव्या-दहाव्या. विद्वानांत त्यावरून वाद झाला. अशा परीक्षेनें कळतो तो साल झाडावर वाढल्याचा काळ. तीवर लिहिलें केव्हां, हें लिपीवरूनच ठरवावें लागतें.

आतां जतन. ताडपत्रास तेल लावतात म्हणून भूर्जासही लावणारे आहेत, तें करूं नये. चिकटपट्टी लावूं नये. ती ओढतांना वरचा थर घेऊनच निघते. सुरळी कोरडी असतां कदापि उलगडूं नये. ब्रिटिश लायब्ररींत १९९४ सालीं गांधारी भाषेंतील खरोष्ठी लिपीच्या भूर्जाच्या गुंडाळ्या आल्या, सुमारें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील. त्या आधीं ओलसर हवेंत ठेवून मऊ केल्या, मग चिमट्यांनीं थोड्या थोड्या उलगडून कांचांमध्यें बसविल्या. आपणांस घरीं इतकें करतां येतें: झांकणाच्या डब्याच्या तळाशीं भिजवून पिळलेला टिपकागद, त्यावर जाळी, जाळीवर सुरळी, अशी कीं पाणी तिला शिवूं नये. कांहीं तासांनीं पाहावें. साल आपण होऊन सैल पडते. बुरशी धरूं नये म्हणून फार वेळ ठेवूं नये. सैल झालेली सुरळी कोऱ्या टिपकागदांत हलक्या दाबाखालीं सपाट होऊं द्यावी, आणि कांचेंत घालावी. थर सुटतच असतील तर तें काम जाणत्या माणसाकडे द्यावें. तो तंतुमय पातळ जपानी कागदाच्या बारीक पट्ट्या कडेस लावतो. आणि हें सर्व करतांना पंखा बंद असावा.

दुरुस्तीकरितां म्हणून बाजारांतून नवें भूर्ज विकत घेण्याची चाल मात्र मला पसंत नाहीं. वरचा सुटलेला पापुद्रा काढला तर झाडास इजा होत नाहीं. परंतु साल सोलणारा सुरा आंतल्या जिवंत थरापर्यंत गेला व खोडाभोंवतीं फिरला कीं झाड वाळतें. त्यांत उंचावर दुसरें सरपण नसल्यानें भूर्जाचें लांकूडही जाळलें गेलें, आणि भोजबासा येथें नांव राहून झाडें विरळ झालीं. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनीं गंगोत्रीच्या बाजूस चीडबासा येथें रोपवाटिका करून भूर्ज पुन्हां लावण्याचें काम हातीं घेतलें, तें याच कारणानें. थंडींत सावकाश वाढणारें हें झाड. पाव बोटाच्या तुकड्यासाठीं त्याच्या वाटेस जाऊं नये.

बिरसीच्या घरीं मीं पावसाळ्यांत पुन्हां गेलों. उरलेले तुकडे डब्यांतल्या ओलसर हवेंत सपाट करून दोन कांचांमध्यें बसविले होते, कडेस कापडी पट्टी लावली होती, आणि मागें एका कागदावर यंत्राची पुरी मांडणी, गेलेले अंक निराळ्या शाईनें, व नांवाच्या जागीं '…बाई' असें लिहिलें होतें. भोजराजाचें पत्र नाहीं हें ऐकून घरचे कर्ते गृहस्थ थोडे खिन्न झाले. वृद्ध बाईंनीं कांच खिडकीपाशीं नेली, तीं दोन अक्षरें मजकडून दोनदां वाचून घेतलीं, आणि आपल्या सासूच्या व तिच्या सासूच्या नांवाचा शेवट 'बाई' असाच होता असें सांगितलें. त्या दोघींपैकीं कोण, किंवा त्यांच्याही मागची कोणी, तें ठरविण्यास साधन नाहीं. रिकामी नळी त्यांनीं कांचेशेजारींच देव्हाऱ्यांत ठेविली आहे.